छापलेला कुत्रा

मला कुत्र्यांची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या आळीतलं एखादं मरतुकडं कुत्रं नुसतं जांभई द्यायला उठलं, तरी मी धोतराचा सोगा आवरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचो. अशा माणसानं प्रेम आणि रहस्य यांची भेसळ करून फौजेतल्या कुत्र्यावर एक लांबलचक कादंबरी लिहिली, आणि नागपूरच्या एका मासिकानं ती महिन्यामागून महिना छापली. बायकोनं पहिला अंक हातात घेतला, माझं नाव पाहिलं आणि म्हणाली, "गल्लीतलं कुत्रं भुकलं तं तुम्ही मले पुढं करता जी, अन् हे फौजेतलं कायले हाती धरून राह्यले?"

मी तेव्हा पांढरकवड्याला शाळेत मराठी शिकवत होतो. पोरांना समास सोडवून दाखवता दाखवता आपण स्वतः कुणीतरी आहोत अशी शंका मला येऊ लागली होती. मोटार स्टँडवर पुस्तकांची एक टपरी होती. तिथे दोन प्रकारची पुस्तकं हातोहात जायची, प्रेमाची आणि खुनाची. दोन्ही एकाच पुस्तकात घालावी आणि वर देशभक्तीची फोडणी द्यावी, म्हणजे वाचक कुठून निसटेल, असा माझा बेत होता. अडचण एकच होती. प्रेम मी केलेलं नव्हतं, खून पाहिलेला नव्हता, आणि देशासाठी मी आजवर जे काही केलं ते पंधरा ऑगस्टला पोरांना रांगेत उभं करण्यापलीकडे गेलं नव्हतं.

बासष्टच्या उन्हाळ्यात एक फौजी माणूस शाळेत आला. तीन कोसांवरच्या बंजारा तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. बाप तांड्यातच स्थिरावून कापूस-ज्वारी करत होता, आणि हा फौजेत शिरला होता. बहिणीच्या लग्नासाठी त्याला रजा वाढवून हवी होती आणि अर्ज इंग्रजीत लिहायचा होता. बोलता बोलता कळलं की त्याच्या ताब्यात फौजेचा एक कुत्रा आहे. माझे कान टवकारले. अर्जाचं काम दहा मिनिटांचं, पण मी त्याला शाळेमागच्या कडुलिंबाखाली दोन तास बसवून ठेवलं.

"कुत्रा काय काय करतो?" मी विचारलं.

"सांगतलं ते करते."

"संकटात मालकासाठी जीव देतो म्हणतात?"

त्यानं जिभेनं टक् असा आवाज केला. बोलण्याआधी तो तसा करायचा. "सांगतलं तं देते."

"त्याच्या मनात काय चालतं, हे तुम्हाला कळतं का?"

"मास्तर, कुत्रा हाय तो."

दोन तासांत एवढंच हाती लागलं. बोलणं गोळा होईना, म्हणून मी माणूसच गोळा केला. डाव्या भिवईला मधोमध चीर होती, तिथे केस उगवत नव्हते. विचार करताना तो कानाची पाळी चिमटीत धरायचा. हसायचा तेव्हा तोंड बंद ठेवून हसायचा. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं आणि त्याला विचारलंही नाही. त्यानं अर्जाबद्दल दोनदा रामराम केला आणि तो निघून गेला.

हिवाळ्यात चीनशी लढाई झाली. तो फौजी बेपत्ता असल्याचा कागद तांड्यात आला, असं बाजारात ऐकलं. मी हळहळलो. खोटं सांगत नाही, खूप हळहळलो. आणि त्याच आठवड्यात लिहायला बसलो.

त्या कादंबरीबद्दल आज बोलायचं म्हणजे अंगावर काटा येतो, आणि तो रहस्याचा नव्हे. माझा नायक कॅप्टन होता. नायिका एका जनरलची मुलगी. ती बर्फात पांढरं पातळ नेसून फिरायची, आणि तिला सर्दी कशी होत नव्हती हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. बर्फ मी पाहिलेला नसल्यामुळे तो प्रत्येक पानावर पिंजलेल्या कापसासारखाच पडायचा. कॅप्टन कुत्र्याला हुकूम द्यायचा तो असा: "मित्रा, शत्रूच्या पदचिन्हांचा मागोवा घे!" आणि कुत्र्याला हे समजायचं. नायिकेचं पत्र आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. कॅप्टनच्या डाव्या भिवईला मात्र चीर होती, तो कानाची पाळी चिमटीत धरायचा आणि बोलण्याआधी जिभेनं टक् करायचा. अख्ख्या कादंबरीत जिवंत असं तेवढंच होतं, आणि ते उचललेलं होतं.

छापून आल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलाबाहेरच्या बाकावर बसून मी नवं प्रकरण मोठ्यानं वाचायचो. ज्यांना ऐकायचं त्यांच्यासाठी आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठीही. समोर एक बंजारा बाई बोरांची टोपली घेऊन बसायची. तिसऱ्या बाजारापासून माझ्या ध्यानात आलं की मी वाचत असलो की ती गिऱ्हाईकाकडे बघतसुद्धा नाही. एकदा ती उठून आली आणि म्हणाली, "मास्तर, हे बुक मले देता का?"

माझी छाती दोन इंच फुगली. बाईला अक्षर येत नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी अंक दिला, आणि पहिल्या पानावर 'माझ्या रसिक वाचक भगिनीस' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली. ती कोण, कुठली, हे विचारण्याचं मला सुचलं नाही. वाचक कुठला का असेना, वाचकच. तिनं मला पदरभर बोरं दिली. ती मी खात खात घरी गेलो.

होळीला पंधरा दिवस राहिले असतील. वर्ग चालू असताना दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या मुखियानं, मला बोलावलं होतं. माझ्या मनात आलं, सत्कार असेल. मी घरी जाऊन इस्त्रीची टोपी घातली.

तांड्यात पंचायत बसली होती. मधोमध घोंगडीवर नायक, आणि त्याच्यासमोर माझा अंक. बोरंवाली बाई बाजूला उभी होती; ती त्या बेपत्ता फौजीची बायको निघाली. तिच्या कानांजवळ केसांत गुंफलेले चांदीचे झुबके होते, त्यांना घुगरी म्हणतात. नवरा असेतोवर बाईनं ती ल्यायची, तो गेला की उतरवायची. प्रश्न तोच होता. फौजेचा कागद नुसता 'बेपत्ता' म्हणत होता. सासरचे म्हणत होते, तीन महिने झाले, माणूस गेला असंच धरायचं. तांड्यात होळी म्हणजे वर्षाचा मोठा सण, त्याच्या आत काय ते ठरवून टाकू. मग रिवाजाप्रमाणे धाकटा दीर तिला आपल्या घरात घेईल. दीर बिचारा वाईट नव्हता, खाली मान घालून बसला होता. पण ती म्हणत होती, माझा माणूस जिवंत आहे. कशावरून? तर छापून आलंय. भिवईवरच्या खुणेसकट छापून आलंय. लिहिणाऱ्यानं स्वतः सही करून दिलंय.

त्या तांड्यात छापील कागद येत तो सरकारचा, नाहीतर वर्तमानपत्राचा. मनातलं काहीही लिहावं आणि तेही कुणी छापावं, असा धंदा जगात असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ते कुणी समजावून सांगावं, तर मीच.

"मास्तर, हे तुमी लिवलं?" नायकानं विचारलं.

"हो."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मंग सांगा. ह्याच्यातला माणूस जिवंत हाय का नाई?"

सगळा तांडा माझ्याकडे बघत होता. ती बघत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती आणि दोन्ही हातांनी घुगरी धरून उभी होती. 'हे सगळं खोटं आहे' एवढेच चार शब्द काय ते बोलायचे होते. पण इस्त्रीच्या टोपीखाली मी लेखक होतो ना! शिवाय मला आठवलं की पुढचं प्रकरण मी चारच दिवसांपूर्वी नागपूरला पोस्टानं धाडलं होतं, आणि त्यात कॅप्टन मरत होता. तीन पानं मरत होता. संपादकांनीच तसं कळवलं होतं की वाचक रडला पाहिजे.

माझ्या तोंडून शब्द निघाले, "ते पुढच्या अंकात कळेल."

आयुष्यात इतकं नीच वाक्य मी दुसरं बोललेलो नाही. पण नायकानं ते फौजेच्या तारेसारखं गंभीरपणे घेतलं. "कवा येते पुढचा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, होळीच्या आत. त्यानं पंचांकडे पाहिलं, पंचांनी माना हलवल्या. "तं तवापर्यंत हिची घुगरी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि पंचायत उठली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बाईचं कुंकू तुमच्या गोष्टीवर टांगलं, अन् तुम्ही जेवाले बसून राह्यले? उठा. नागपूरले जा." मी उठलो. पहाटेच्या पहिल्या मोटारीनं गेलो.

संपादक तंबाखू चघळत मुद्रितं तपासत होते. मी म्हटलं, कॅप्टनला जिवंत ठेवायचं आहे. ते म्हणाले, तुमचा कॅप्टन मेला काय आणि जगला काय, कुणाला पडलेली नाही. पत्रं येतात ती कुत्र्याची. मग कुत्र्यानंच त्याला वाचवू द्या, मी म्हणालो. हे त्यांना पटलं. छापखान्याच्या ओट्यावर बसून, अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार डोक्यावर उभा असताना मी शेवट फिरवला. कुत्र्यानं बेशुद्ध कॅप्टनची कॉलर दातांत धरली, त्याला चार मैल बर्फातून ओढत आणलं आणि नायिकेच्या पायाशी ठेवलं. मग दोघांचे, म्हणजे तिघांचे, डोळे भरून आले. कॅप्टन म्हणाला, "मित्रा, तुझे हे ऋण सात जन्मांत फिटणार नाही." इतका रद्दी मजकूर माझ्याही हातून क्वचितच उतरला असेल.

तो अंक मी होळीच्या आदल्या दिवशी तांड्यात वाचला. नायिकेची पानं गाळली, एवढी अक्कल शिल्लक होती. कुत्र्यानं कॉलर धरली तेव्हा म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मला हार घातला आणि मी मान वाकवून तो घालून घेतला. ती दुसऱ्या दिवशी बायांच्या घोळक्यात फेर धरून नाचली, घुगरीसकट. मी पानावर बसून पोटभर जेवलो. रात्री मात्र डोळा लागेना. उद्या फौजेचा दुसरा कागद आला तर? तिला काय तोंड दाखवू? लाज वाटत होती, आणि भीती लाजेहूनही मोठी होती.

भर उन्हाळ्यात तो परत आला. चिन्यांनी धरलेले शिपाई सुटले, त्यांत हा होता. बातमी कळली तेव्हा मी आधी सुटकेचा श्वास सोडला तो स्वतःसाठी, आणि मग त्याच्यासाठी. हा क्रम मला अजून खुपतो. बाजारात लोक म्हणू लागले, मास्तरांना आधीच ठाऊक होतं. मी गूढ हसायचो. काय करणार, सवय.

महिन्याभरानं तो माझ्या घरी आला. वाळून अर्धा झाला होता. बायकोनं चहा ठेवला. तो बराच वेळ कानाची पाळी धरून बसला.

"मास्तर, मी सांगतो तसं एक पान लिवून द्या," तो म्हणाला. "तांड्यात सारे मले कुत्र्याचं विचारून राह्यले. कुठी हाय, सोबत काहून नाई आणला. मी म्हणतो, तो मेला असन. तं कोणी मानत नाई. म्हणतात, मास्तरनं छापलं ना, त्यानं तुले ओढत आणलं. फौजेची गोष्ट हाय म्हणून तू लपवून राह्यला."

"तुमच्या बायकोला तरी?"

"ते त्याच्यासाठी रोज एक भाकर बाजूले ठेवते. येईन म्हणते."

मग तो सांगू लागला. त्या कडुलिंबाखाली दोन तासांत जेवढं बोलला नव्हता, तेवढं एका दमात बोलला. मागं फिरायचा हुकूम आला. अकरा जण आणि कुत्रा. बर्फानं कुत्र्याचे पंजे फुटले होते, चालताना तो कण्हत होता. धुकं होतं, आणि मागे दुश्मन किती लांब आहे हे कळत नव्हतं. सोबतचे म्हणाले, ह्याचा आवाज आपल्याला मारील. एक तर ह्याला गोळी घाल, नाहीतर सोड.

"गोळी घालवली नाई. पट्टा काढला. तं तो मागंच येऊन राह्यलता. जा म्हटलं, तं जाय ना. सांगतलं ते करणारा कुत्रा, मास्तर, हे एकच आयकलं नाई त्यानं. मंग दगड मारले."

"किती?" मी विचारलं. काय प्रश्न होता! पण माझ्या तोंडून तोच निघाला.

"तीन. तिसरा लागला. मंग बसला. मी वळून पाह्यलं तं बसलेलाच होता." त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "दुसऱ्याच्या हातचं तो खात नाई. तशी शिकवणच असते. आमाले दोन दिवसानं धरलं. तवापर्यंत तो तिथंच उपाशी..." आत बायको चुलीपुढे उगाच भांडी हलवत होती.

मी संपादकांना पत्र टाकून ही हकीकत छापण्याबद्दल विचारलं. उलट टपाली कार्ड आलं: कुत्रा मरता कामा नये, दुसरा भाग लिहायला घ्या. ते कार्ड मी चुलीत घातलं आणि त्यानं सांगितलं ते वहीच्या एका पानावर लिहून काढलं. सवयीनं 'हिमाच्छादित' असा शब्द पडला होता, तो खोडला. आणखी काही खोडावं लागलं. शेवटी जेमतेम पानभर उरलं.

रविवारी मी तांड्यात गेलो, टोपी न घालता. त्याच घोंगडीपुढे मंडळी जमली. मी पान वाचलं. मग नायकानं हात पुढे करून पान घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"हे तं हातानं लिवलेलं हाय," तो म्हणाला. "ते छापेल होतं. खरं कोणतं मानावं?"

सुटायला वाट होती. म्हणता आलं असतं की दोन्ही कुत्रे वेगळे, फौजेत पुष्कळ असतात. शब्द ओठांवर आलेही होते. मी त्या फौजीकडे पाहिलं. तो टक् करून काही बोलेल असं वाटलं, पण त्यानं नुसती कानाची पाळी धरली. मला सोडवायला तिथे कुणी नव्हतं आणि त्याला सोडवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"हे खरं आहे," मी म्हणालो. "छापलेलं सगळं खोटं होतं. मी मनानं रचलेलं. हे जिवंत आहेत की नाही, मला काही ठाऊक नव्हतं. होळीच्या वेळीही ठाऊक नव्हतं. मी खोटं बोललो."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. ती पुढे आली. मला वाटलं, आता पायातली वहाण हातात घेईल, आणि घेतली असती तर मी हललो नसतो.

"त्या दिवशी हेच बोलले असते," ती म्हणाली, "तं आज मी दिराच्या घरी असते. हा आला असता, अन् मले भावजय म्हणाला असता."

आवाजात राग होता. कुणावरचा, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी हात जोडले. तिनं तिकडे पाहिलं नाही. ती झोपडीत गेली आणि झाकून ठेवलेली भाकर घेऊन बाहेर आली. नवऱ्याशेजारी मातीत बसली, भाकर त्याच्या पुढ्यात ठेवली आणि गळा काढून रडू लागली. माणूस गेल्यावर रडतात तसं. मग शेजारच्या बाया येऊन बसल्या. नायकानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

फौजी माणूस कितीतरी वेळ भाकरीकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली.

"मास्तर," तो म्हणाला, "दगडाचं परत वाचा."

मी नायकाच्या हातातून पान घेतलं आणि वाचलं.